अलिफ, अनार आणि आपली जबाबदारी

उर्दू शाळेत पहिलीच्या मुलांपुढे 'अलिफ' म्हटले की 'अनार' हे उत्तर येते. अलिफने सुरू होणारे शब्द पुष्कळ आहेत. पण पुस्तकात शेजारी अनारच छापलेला असतो आणि तोच रोज घोकला जातो. म्हणून ती जोडी जेहनमध्ये पक्की बसते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कॅल्किन्स यांनी 1890 च्या दशकात हेच तपासले. रंग आणि अंक जोडीने दाखवायचे, मग नुसता रंग दाखवून अंक विचारायचा. जोडी ठळक असो वा नुकतीच पाहिलेली, सर्वांत प्रभावी ठरले ते वारंवार समोर येणे. याच कॅल्किन्सना, त्या स्त्री असल्यामुळे, हार्वर्डने पीएच.डी. नाकारली. 'विद्वान' या शब्दाशी तेथील मनांत पुरुषाचेच चित्र जोडलेले होते!

मेंदूत ही गाठ बांधण्याचे काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस करतो. 1953 मध्ये हेन्री मोलेसन यांची फेफरे थांबावीत म्हणून दोन्ही बाजूंचा त्याचा बराचसा भाग काढण्यात आला. त्यानंतर शब्दांच्या नव्या जोड्या त्यांना लक्षात राहिनात; बालपणीच्या आठवणी मात्र शाबूत होत्या. म्हणजे गाठ बांधण्याची जागा आणि जुन्या गाठी जपण्याची जागा सर्वस्वी एक नाही.

आता खरा प्रश्न. दाढी दिसली की कुणाच्या मनात भीती उमटते, बुरखा दिसला की 'अडाणी' हा शब्द येतो. आपल्याही मनात इतर जातिधर्मांविषयी अशा जोड्या असतातच. त्या आपण निवडल्या नव्हत्या. मग दोष कोणाचा?

माझ्या मते, मनात पहिल्यांदा काय उमटते याचा गुन्हा माणसावर लादू नये. पण वारंवारतेने जोडी घट्ट होते हे एकदा कळल्यावर, तीच जोडी विनोदात, बातमीत, घरच्या गप्पांत पुन्हा उच्चारणे ही आपली निवड ठरते. तिथून जबाबदारी सुरू होते.

जुनी जोडी सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी बांधावी लागते. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघेही भाजी निवडताना दाखवले. एका चित्राने घर बदलत नाही. ते चित्र घरातही रोज दिसले पाहिजे. मुलाच्या मनात कोणत्या शब्दाशेजारी कोणते चित्र बसेल, हे केवळ पुस्तक ठरवत नाही; आपले रोजचे वागणेही ठरवते.