करू का? करू का?

परवा वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, 'शिली-शॅली' म्हणजे काय हो?" मी चटकन सांगून टाकले, "धरसोड. चालढकल." मुलाचे समाधान झाले, माझे झाले नाही.

शब्द मोठा गमतीचा आहे. 'शॅल आय? शॅल आय?' म्हणजे 'करू का? करू का?' असा जो प्रश्न माणूस स्वतःलाच विचारतो, त्याचे हे बोबडे रूप. विल्यम काँग्रीव्हच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' या १७०० सालच्या नाटकात तो अजून 'शिल आय, शॅल आय' असा सुटासुटा आहे. त्यातला एक खेडवळ सरदार, असली धरसोड आपल्या स्वभावात नाही, अशी फुशारकी मारतो. आणि पुढे लग्नाची मागणी घालायची वेळ येते, तेव्हा त्याचीच बोबडी वळते!

आपण हसतो खरे. पण त्याच्या जागी आपण असतो तर?

कोणी म्हणेल, विचारी माणूस थांबणारच. कबूल. पण विचारात एका प्रश्नामागून दुसरा येतो. 'जाऊ का?' नंतर 'जाऊन काय बोलू?', 'बरोबर कोणाला नेऊ?' शिली-शॅलीत मात्र दुसरा प्रश्न पहिलाच असतो.

काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी शाळेत येईनाशी झाली. तिची शाळा बंद करणार, असे कानावर आले. तिच्या वडिलांना भेटावे, असे रोज वाटे. जाऊ का? लोकांच्या घरच्या गोष्टीत मास्तराने पडावे का? या रविवारी, पुढच्या रविवारी, असे करता करता तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी गेलो, तो दाराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, "ऊसतोडीला गेली समदी. पोरगी लई वाट बघत व्हती तुमची. मास्तर येतील अन् बाला समजावतील, म्हणायची."

मी परत फिरलो.

त्या इंग्रजी शब्दात 'मी' दोनदा आला आहे. जो आपली वाट पाहत बसला आहे, तो त्यात कुठेच नाही. मुलाला मी सांगितलेला अर्थ चुकीचा नव्हता, अपुरा होता.

अलीकडे एकच प्रश्न मनात दुसऱ्यांदा आला, की मी उठतो आणि पायांत चपला घालतो.