बारा आंबे

तेलंगणातल्या निर्मल गावची खेळणी पोणिकीच्या लाकडाची. हे लाकूड वजनाला इतकं हलकं की हातात हरीण घेतलं तर पोकळ आहे की काय असं वाटतं. हरणाचे पाय, शिंगं, शेपूट वेगवेगळं कोरायचं, चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून ते जोडायचं, वरून पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि मग रंग. अण्णांच्या कारखान्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, नियम एकच होता. जोड ओला असेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. "वरून धरल्यासारखा दिसतो गं, आतून धरलेला नसतो," असं ते लेकीला ती सात वर्षांची असल्यापासून सांगत आले होते. अण्णांची आई धर्माबादकडची, त्यामुळे घरात मराठी आणि गिऱ्हाइकाशी तेलुगू.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बोम्मल कोलुवूसाठी, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीसाठी, हैदराबादची मोठी ऑर्डर होती. एका संध्याकाळी अण्णांच्या उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी कंदिलाची काजळी उडावी तसे काळे कण तरंगू लागले. अण्णांना उणे नऊचा चष्मा. असा डोळा लांबट असतो, त्यातला पडदा ताणून पातळ झालेला असतो आणि त्याला चीर पडण्याचा धोका जास्त असतो. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"दाखवून या," लेक म्हणाली.

"दुखत तर नाही ना. आधी ऑर्डर जाऊ दे."

या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं, कारण आपल्याकडे डोळे गेले त्यातले कितीतरी या एका वाक्यापायी गेले असतील. डोळ्याच्या पडद्याला दुखणं ठाऊकच नाही. तो फाटला, सुटला, उपाशी मरायला लागला तरी हाक मारत नाही. त्याची बोली म्हणजे ती वीज आणि ती काजळी. त्यानंतर येते ती सावली.

अण्णांना ती खालून आली. कुणी काळं कापड हळूहळू वर ओढावं तशी. ते मान वाकडी करून रंगवू लागले आणि कुणाला काही बोलले नाहीत. कळलं ते हरणांमुळे. पाठीवरचे ठिपके सुबक, पण पोटाकडचे राहून गेलेले. एक नव्हे, सलग अकरा हरणांचे. लेकीने उठून त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"माझं तोंड दिसतं?"

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. "कपाळ दिसतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं भैंशामार्गे मुधोळला गेली. तिथे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचं केंद्र आहे, भोसले गोपाळराव पटेलांच्या नावाचं, १९९६ सालापासूनचं. शहरातला इलाज खेड्याच्या दाराशी यावा म्हणून या संस्थेने ग्रामीण भागात उभारलेलं हे पहिलं केंद्र. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासलं आणि त्याच दिवशी हैदराबादला जायला सांगितलं. पडदा वरच्या बाजूने फाटून सुटला होता, आणि सुटत सुटत मधल्या बिंदूच्याही खाली उतरला होता.

हैदराबादच्या डॉक्टरबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, पडद्याला रक्त दोन वाटांनी मिळतं. आतल्या थरांना त्याच्या स्वतःच्या बारीक वाहिन्या आहेत. पण उजेड टिपणाऱ्या पेशी सगळ्यांत मागे, त्यांचं पोषण पाठीमागच्या रक्ताने गच्च भरलेल्या थरातून झिरपत येतं. पडदा सुटला की हे झिरपणं तुटतं. आणि ज्या जागेने आपण सर्वांत बारीक पाहतो, सुईत दोरा ओवतो, हरणाचा डोळा काढतो, त्या मधल्या बिंदूत स्वतःची एकही रक्तवाहिनी नाही. उजेडाच्या वाटेत काही आडवं येऊ नये म्हणून निसर्गाने ती जागा मोकळी ठेवली. ती सगळी मागच्या ओलाव्यावर जगते.

"म्हणजे भिंतीने पोपडा सोडला," अण्णा म्हणाले.

शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत या दुखण्याला खात्रीचा इलाजच नव्हता. १९२०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी चीर शोधून ती बंद केली तर पडदा पुन्हा बसतो हे दाखवून दिलं, तेव्हा कुठे वाट सापडली. अण्णांच्या डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा बांधला, आतलं पाणी काढून गॅस भरला. मग कित्येक दिवस डॉक्टर सांगतील तशी मान धरून बसणं. गॅस विरू लागला तसं त्यांना बाटलीतल्या पाण्यासारखी एक हलती रेघ दिसायची, आणि ती रोज थोडी खाली उतरायची.

रेघ गेली. पडदा पूर्ण चिकटला होता. अण्णांनी डावा डोळा झाकून दाराची चौकट पाहिली, तर ती मध्येच लचकलेली. रंग धुवट. "चिकटलाय म्हणता, मग दिसत का नाही?" त्यांनी डॉक्टरबाईंना चिडूनच विचारलं.

बाईंनी संगणकाच्या पडद्यावर दोन चित्रं दाखवली. शरीरात रंग न टोचता वाहिन्यांचं जाळं टिपणारी तपासणी होती ती. डाव्या डोळ्याचं जाळं निर्मलच्या वेलबुट्टीसारखं दाट. उजव्याचं खोल थरातलं जाळं विरळ, वेल पाण्यावाचून राहावी तसं. पट्टा बांधलेल्या डोळ्यात रक्ताचा ओघ मंदावतो, हे लेसरने मोजून पाहिलेलं आहे, असंही त्यांनी लपवलं नाही. "जागेवर बसवणं माझं काम होतं. पेशींना पुन्हा उभं राहायला महिने लागतात, कधी वर्ष. आणि उपाशी काढलेल्या दिवसांत जे गेलं, ते सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही."

परतीच्या बसमध्ये अण्णा एक शब्द बोलले नाहीत. निर्मलला उतरल्यावर लेकीला म्हणाले, "दर महिन्याला एक आंबा ठेव माझ्यासाठी. लाकडाचा. मी उजव्या डोळ्यानेच रंगवीन."

पहिल्या आंब्याचा देठ भलतीकडेच गेला. दुसऱ्यावरचा लाल पिवळ्यात घसरला. तिसऱ्याच्या वेळी अण्णांनी कुंचला फेकला. लेकीने तो उचलून धुतला आणि आंबा फळीवर मांडला. पाचवा बरा. आठव्यावर पानाची शीर ओळखू येत होती. बारावा तुम्ही दुकानातून विकत घ्याल असा, मात्र देठापाशी रेघ किंचित लचकलेली. नवव्यापासून ती तेवढीच लचकलेली आहे.

पुन्हा दसरा आला. चाळीस हरणं द्यायची होती. सोनेरी रंगाचा कुंचला अण्णांच्या हातात होता, तेवढ्यात पोणिकीचं लाकूड आणणारा दारात मोळी टाकून टेकला. बोलता बोलता म्हणाला, कालपासून डोळ्यात वीज लवते, चिलटं दिसतात. "दुखत काही नाही, अण्णा."

अण्णा उठले. "भैंशाची गाडी किती वाजता गं?" चप्पल घालतच त्यांनी विचारलं.

तपासलं तर लाकूडवाल्याच्या पडद्याला चीर पडली होती. पडदा जागेवर होता, आणि लेसरने चिरेभोवती बंदोबस्त करता येणार होता. अण्णा परतले तेव्हा रात्र झाली होती. घाईत धुवायचा राहिलेला कुंचला रंगासकट वाळून काटकीसारखा कडक झाला होता. लेक काही बोलणार, तोच त्यांनी तो उचलला आणि फळीवर बाराव्या आंब्याशेजारी ठेवला.