दान कोणाचे, पुण्य कोणाचे?

घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्या बालाघाटकरांना काही शब्द दोन्हीकडे सारखेच भेटतात. ‘दान’ हा त्यांपैकी एक. अन्नदान, कन्यादान, रक्तदान. आणि आता स्त्रीबीजदान. मूल होत नाही म्हणून आपल्याकडची जोडपी नागपूर गाठतात. पत्नीचे बीज उपयोगी पडत नसेल, तर डॉक्टर दुसऱ्या स्त्रीचे बीज घेण्याचा मार्ग सुचवतात. खर्च लाखांत जातो, प्रसंगी दागिने मोडावे लागतात. त्या दुःखाला मी नावे ठेवणार नाही. ‘वांझ’ या शब्दाचा डंख आपल्या घरांना चांगला ठाऊक आहे.

मला खटकतो तो ‘दान’ हा शब्द. रक्तदाता चहा-बिस्कीट घेऊन तासाभरात घरी जातो. बीज देणारी स्त्री मात्र दहा-बारा दिवस इंजेक्शने घेते. एरवी महिन्याला एक पिकणारे बीज एकदम अनेक पिकावे म्हणून. मग भूल देऊन सुईने ती काढतात. क्वचित अंडाशय सुजून जिवावर बेतते. २०१० साली मुंबईत बीज दिल्यावर दोन दिवसांत एक मुलगी दगावली. वय वर्षे सतरा, आणि अठरा महिन्यांतली ती तिसरी खेप!

२०२१ च्या कायद्याने विक्रीला बंदी घातली. देणारीचे वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, सातच बीजे, बारा महिन्यांचा विमा. चांगलेच झाले. पण डॉक्टरांना फी आहे, औषध कंपनीला किंमत आहे. फुकट काय ते तिचे एकटीचे. आपल्याकडे ज्याच्याजवळ आहे त्याने द्यावे, याला दान म्हणतात. इथे देणारी बहुधा पोटासाठी झगडणारी आणि घेणारे तिच्याहून बरे. मग तिला भाव द्यावा का? तेही नको. भाव आला की गरजू बाई वय लपवूनही पुन्हा पुन्हा येणार. परंतु बुडालेली मजुरी, प्रवास, विश्रांतीचे दिवस यांची भरपाई शासनाने ठरवून द्यावी. ती किंमत नव्हे.

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, बीज देणारीला मुलावर आईचा हक्क नाही. तिथे तर सख्ख्या बहिणीने बीज दिले होते. निकाल मला पटतो, वाढवणारीच आई. पण हक्क नाही म्हणून तिची आठवणही ठेवायची नाही काय? तिचे नाव कळत नाही, कळूही नये. तरी ‘ती बाई आता बरी आहे ना?’ एवढे डॉक्टरांना विचारता येते. असे विचारणारे जोडपे मला अजून भेटलेले नाही.