घंटेनंतरचे तास

इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मला. आयाच्या कडेवर वाढलेल्या या पोराच्या तोंडी इथलीच बोली होती. आईवडिलांसमोर जाताना ‘आता इंग्रजीत बोल’ अशी आठवण त्याला करून द्यावी लागे. सहा वर्षांचाही नव्हता, तेव्हा त्याला इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवलं आणि 1878 मध्ये डेव्हनच्या समुद्रकाठी, वेस्टवर्ड हो! इथल्या युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात घातलं. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी परवडणाऱ्या फीत काढलेली ही खासगी निवासी शाळा होती. पुढे अफू खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, बिहारात जन्मलेला लेखक जॉर्ज ऑर्वेल, ईस्टबोर्नच्या सेंट सिप्रियन्स शाळेत गेला. ईस्टबोर्नही समुद्रकाठचंच! निम्म्या फीवर शिकतोस हे तिथं त्याला ऐकवलं जाई, ते त्याने कडवटपणे लिहून ठेवलं आहे.

अशा शाळांचा खरा धडा वर्ग सुटल्यावर सुरू होई. छडी, खेळ, प्रार्थना, थोरल्या पोरांची हुकमत. कोवळ्या वयात घर सुटलेला मुलगा पुढे कुठल्याही मुलखात जाऊन परक्यांवर हुकूम चालवायला तयार होतो. साम्राज्याला अशीच माणसं हवी होती.

आपल्याकडेही समुद्रकाठी एक शाळा उभी राहिली. गोखले एज्युकेशन सोसायटीने 1920 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला हायस्कूल काढलं आणि आचार्य भिसे यांनी त्यात आयुष्य ओतलं. पण बोर्डीच्या एका अंगाला समुद्र, तर दुसऱ्या अंगाला वारली आदिवासींचे पाडे. 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यांच्या अंगणात नेली. पुढे जवळच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालली: गुरं चरताहेत आणि तिथंच अक्षरं गिरवली जाताहेत. भिंतीबाहेर कोण उभं आहे, हे शाळेने पाहिलं की काय घडतं ते इथं दिसतं.

आमच्या मराठवाड्याला समुद्र नाही. पण घंटेनंतरच्या तासांचं मोल आम्हाला हिप्परग्याने शिकवलं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठही 1918 पासून उर्दूच. खासगी शाळेवर सरकारची करडी नजर असे. अशा काळात, असहकाराच्या वाऱ्यात, 1921 साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केलेले व्यंकटेश खेडगीकर 1929 मध्ये तिथं मुख्याध्यापक म्हणून आले. गुरू आणि विद्यार्थी एकत्र राहत. इथंच राहत असताना ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. हिप्परग्याचा मुलगाही घरापासून दूर होता, पण आपल्या माणसांपासून तुटलेला नव्हता. माझ्या लेखी सारा फरक एवढाच आणि इतका मोठा आहे. उणीवही सांगितली पाहिजे: ही दारं मुलग्यांसाठी होती, त्यांच्या बहिणी घरीच राहिल्या.

आज सेलू, जिंतूर आणि मंठ्याच्या वाटा जिथं मिळतात त्या देवगाव फाट्यावर जूनमध्ये उभं राहून पाहा. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, स्टीलचा डबा आणि शेजारी कोरा शर्ट घातलेला मुलगा. आता त्याची बहीणही निघते, ही मोठी कमाई. बाप सोयाबीनचे पैसे मोजून फी भरतो. लातूरला किंवा संभाजीनगरला पोचल्यावर लेकराचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे तास क्लास आणि टेस्ट सिरीजने भरून जातात. गुणांचा आकडा येतो, आणि तो लागतोच. कोरडवाहू शेतीतून बाहेर पडायची दुसरी वाट फार थोड्यांना आहे. म्हणून या बापाला मी नावं ठेवत नाही.

मात्र प्रवेश घेताना निकालाच्या फ्लेक्सवरचे फोटो पाहून झाले की त्याने आणखी काही विचारावं. रात्री जेवायला मुलांबरोबर कोणी शिक्षक बसतो का? ताप आला तर उशाशी कोण थांबतं? गुण कमी पडलेल्या पोराला वेगळ्या खोलीत, वेगळ्या बॅचमध्ये टाकतात का? पेरणीच्या दिवसांत चार दिवस त्याला गावी पाठवतात का?