तुम्हाला काय दिसलं?

अमरावती-अकोल्याकडची बरीच जोडपी हल्ली लेकीकडे, मुलाकडे म्हणून लंडनला जाऊन येतात. संध्याकाळी अंबा एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई, मग विमान. मे महिन्यातल्या आपल्या भट्टीतून निघालेली माणसं तिथे उतरल्याबरोबर स्वेटर शोधू लागतात. परत आल्यावर सगळे एकच विचारतात, "कसं आहे लंडन?" अशा वेळी मी दोघांचीही उत्तरं नीट ऐकते, कारण ती सहसा वेगळी असतात. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते भुयारी रेल्वेबद्दल भरभरून बोलले. ती १८६३ साली सुरू झाली, म्हणजे आपल्या बडनेऱ्यापर्यंत रूळ पोचायच्याही आधी, याचं त्यांना फार अप्रूप. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दर्यापूरकडच्या, कापसाच्या घरातल्या. त्यांनी सांगितलं की जूनमध्ये तिथे रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड असतो, त्यामुळे देवाजवळ दिवा लावायचा कधी हे पहिले काही दिवस कळतच नव्हतं. आणि मोठ्या दुकानात त्यांनी काय केलं, तर टांगलेल्या सदऱ्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. सूत कसं आहे, कापूस लांब धाग्याचा की आखूड. तसा आपला कापूस आपल्या माणसांच्या कितीतरी आधी त्या देशात पोचलेला आहे. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. काकूंची बोटं त्या कापडावर थांबली, तेव्हा काका शेजारी उभे राहून सरकत्या जिन्याचं यंत्र न्याहाळत होते.

मला आवडली ती पुढची गोष्ट. लेक दिवसभर कामावर. हे दोघं फिरून घरी आले की चहा घेऊन बसायचे. मराठी मालिका नाही, शेजारी नाही, दाराशी भाजीवाला नाही. मग काकू विचारायच्या, "तुम्हाले काय दिसलं आज?" आणि ते सांगायचे. मग ते विचारायचे. एके दिवशी दोघं किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेबांचं घर पाहायला गेले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहून शिकत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं. आपल्याकडची कितीतरी माणसं आज तिथे जाऊन हात जोडतात. काका बराच वेळ भिंतीवरच्या पाटीसमोर उभे होते. परक्या गावात, तुटपुंज्या पैशात, एवढा अभ्यास कसा केला असेल, हेच त्यांच्या मनात घोळत होतं. तिथून दोघं जवळच्या प्रिमरोझ हिलवर गेले आणि बाकावर बसले. समोर अख्खं शहर. रात्री चहाच्या वेळी काकू म्हणाल्या, त्या बाकावर एक छोटी पाटी होती, गेलेल्या कुणा माणसाच्या आठवणीत घरच्यांनी लावलेली. तिथल्या बागांमध्ये अशी पुष्कळ बाकं असतात. आपलं माणूस जिथे बसायचं, तिथे येणाराजाणारा कुणीही टेकावा म्हणून. काकांना ती पाटी दिसलीच नव्हती, कारण ते तिलाच टेकून बसले होते. आणि घरावरच्या पाटीतली सालं काकूंच्या लक्षात राहिली नव्हती, ती काकांनी सांगितली. विचारलं नसतं तर एकाच दिवसातली अर्धी अर्धी गोष्ट दोघांकडे वेगवेगळी राहून गेली असती.

परक्या शहरात विचारणं सोपं जातं, कारण तिथे दोघंही नवखे असतात. इथे अकोल्यात गाडी काका चालवतात, रस्ता त्यांना ठाऊक, बँकेची कामं त्यांच्याकडे. तिथे बसमध्ये रोख पैसे चालतच नाहीत. कार्ड यंत्राला लावायचं, हे काकूंना आधी जमलं आणि काका त्यांच्या मागून चढले. घरात वर्षानुवर्षं ठरून गेलेल्या जागा अशा थोड्या हलल्या की माणूस जोडीदाराकडे पुन्हा नव्यानं पाहतो. पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' १९६० साली आलं. त्या प्रवासात त्यांच्या पत्नी सुनीताबाई सोबत होत्या. पुस्तक हातात घेतलं की मला हमखास वाटतं, सुनीताबाईंना कुठल्या गोष्टीपाशी थांबावंसं वाटलं असेल? त्याच्याही आधी आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लंडनला गेले होते. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करायला ते गेले आणि १९१० पर्यंत तिथेच राहिले. त्या काळी टपाल बोटीनं जायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इकडे घर सांभाळत होत्या, आणि एका पत्राचं उत्तर यायला महिना उलटायचा. दिवसभरात काय पाहिलं ते संध्याकाळी सांगायला समोर घरचं माणूस नाही, हे किती जड गेलं असेल! दादासाहेबांना रोजनिशी लिहायची सवय होती आणि ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. मला वाटतं, दूर असलेल्या माणसाला वहीचा मोठाच आधार होत असणार.

आपल्याकडे तर सांगायला माणूस समोर असतं. तरी संध्याकाळची आपली बोलणी आठवून पाहा. दूध आणलं का, गॅसचा नंबर लावला का, नळ किती वाजता आले. ही बोलणी लागतातच, त्यांच्यावाचून घर चालत नाही. त्यांच्या शेजारी आणखी एक प्रश्न बसवायला पाच मिनिटं पुरतात. "दिवस कसा गेला?" असं विचारू नये, त्याला "ठीक" एवढंच उत्तर येतं. "आज काय दिसलं?" असं विचारावं. पहिल्या दिवशी "काय दिसणार, रोजचंच" असं म्हणतील. वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, आणि त्याआधी स्वतःचं एक सांगा. अमरावतीच्या राजकमल चौकातून नवरा-बायको दोघंही रोज जातात, पण एकाला सिग्नलला थांबलेल्या शाळेच्या रिक्षातली पोरं दिसतात आणि दुसऱ्याला गाडीवर आलेला पहिला संत्र्यांचा ढीग. ऐकताना मध्ये दुरुस्ती करू नये. "तो चौक नव्हे, पुढचा," असं म्हटलं की सांगणारा थांबतो. घरात सासूबाई असतील, कॉलेजात जाणारा मुलगा असेल, तर त्यांनाही विचारा. वडीलधाऱ्यांना दिवसाकाठी कुणी असं विचारतच नाही, म्हणून त्यांची उत्तरं लांबतात. तेवढं बसावं. एकट्या राहणाऱ्यांनी बहिणीला फोन लावावा, मैत्रिणीला लावावा, आणि तब्येतीची चौकशी झाली की हेच विचारावं. ज्या दिवशी फोन लागणार नाही, त्या दिवशी वही काढून चार ओळी लिहाव्यात.