नवे गीत, मुख तेच
(आधारवचन : स्तोत्रसंहिता 40:3)



या स्तोत्रात दावीद साक्ष देतो की, परमेश्वराने आपणास चिखलातून वर काढिले, खडकावर उभे केले आणि आपल्या मुखात नवे गीत घातले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गीत नवे आहे, पण मुख जुनेच आहे. मेंढरे राखताना जो गळा रानात गात असे, त्याच गळ्यात देवाने आपली स्तुती घातली.

आमच्या पिंप्राळ्यास आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो आणि टाळमृदंगाचा गजर होतो. हा नाद आमच्यातील कित्येकांच्या कानांत बाळपणापासून भरलेला आहे. कोणी भजनात टाळ धरिला, कोणी तमाशात ढोलकीवर थाप दिली, कोणा मायबहिणीने कानबाईची अहिराणी गाणी म्हटली. असे मनुष्य प्रभूकडे आले म्हणजे मंडळीत प्रश्न निघतो : याने आपले वाद्य आता टाकून द्यावे काय?

या प्रश्नाचे उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात आहे. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वीच ते कवी होते, आणि तुकोबांचे अभंग त्यांच्या मनात मुरले होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग टाकिला नाही, ओवी टाकिली नाही, कीर्तनही टाकिले नाही. ती सर्व प्रभूच्या चरणी वाहिली. परदेशी चालीवर बसविलेली भाषांतरित गीते अडखळत म्हणणाऱ्या मंडळ्यांना त्यांच्यामुळे आपल्या मायबोलीत रडता व हसता येऊ लागले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून ते 1919 साली प्रभुघरी गेले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

परंतु या गीताचे मोल त्यांना द्यावे लागले. बाप्तिस्म्यानंतर पत्नी व पुत्र यांची कित्येक वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. नवे गीत फुकट मिळत नाही, हे मंडळीने विसरू नये.

म्हणून तिघांना तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली, गाणाऱ्यास. बंधो, शब्द बदलले म्हणजे गीत नवे झाले, असे समजू नकोस. आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात देव आपल्या लोकांच्या गाण्यांना गोंगाट म्हणतो. कारण गाणे गोड होते, पण न्याय नव्हता. रविवारी भजन आणि सोमवारी गुत्ता, असे चालले तर तुझी एकतारीच तुझ्याविरुद्ध साक्ष देईल.

दुसरी, उपदेशक बंधूंस. गळा गोड आहे म्हणून नवशिक्यास लगेच उच्चासनी बसवू नका. पौलाने तीमथ्यास हीच सावधगिरी सांगितली आहे. त्याला वचन शिकवा, त्याच्याबरोबर प्रार्थना करा, आणि गीताचा अर्थ घरोटावर दळणाऱ्या बाईसही कळतो की नाही, हे पाहा. आत्म्याने गावे आणि बुद्धीनेही गावे, असे तोच प्रेषित करिंथकरांस लिहितो.

तिसरी, मंडळीस, आणि ही आम्हांस सर्वांत जड वाटते. टिळकांनी 1917 साली मिशनचे वेतन आपण होऊन सोडिले. खेड्यातील गायकाची बिदागी मात्र बाप्तिस्म्याबरोबर आपोआप सुटते. जत्रेचे, जागरणाचे, लग्नघरचे बोलावणे बंद होते. आम्ही त्याची साक्ष ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी जाऊन जेवतो. त्याची चूल पेटली की नाही, हे कोण विचारतो? पुढे भुकेने तो जुन्या फडावर परतला, तर ‘विश्वास कच्चा होता’ असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? त्याचा विश्वास कच्चा असेल किंवा नसेल. आमची प्रीती मात्र खात्रीने कच्ची ठरली.

बाबेलच्या बंदिवासात देवाच्या लोकांनी आपल्या वीणा झाडांवर टांगून ठेविल्या. तो परका देश होता. प्रभूच्या घरात तरी कोणास आपली एकतारी खुंटीला टांगावी लागू नये. या आठवड्यात प्रत्येक घरातून मूठमूठ दाणे बाजूला काढा, आणि ज्याच्या गीताने तुमचे अंतःकरण हलले, त्याच्या दारी नेऊन द्या. मग त्याच्या ओसरीवर बसा आणि त्याच्याबरोबर गा.

प्रभू आपणा सर्वांच्या मुखात नवे गीत घालो. आमेन.