बिल आणि ऋण

गेल्या वैशाखातली गोष्ट. दुपारी गिरणी बंद करून घरी आलो. सोप्यात चिटपाखरू नव्हतं आणि पंखा गरगर फिरत होता. आतल्या खोलीत दिवा चालू, टीव्ही चालू, माणसं सगळी परसात. माझा आवाज चढला. "वीज काय फुकट येते का?" मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, बिल मी भरतो ना? मग तुम्ही का जिवाला त्रास करून घेता?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. म्हाताऱ्या बापाची काळजीच होती. पण मला उत्तर सुचलं नाही. चाळीस वर्षं मी घरात एकच कारण सांगत आलो होतो, पैसे जातात. ते कारण मुलानं स्वतःच्या अंगावर घेतलं, मग माझ्याजवळ बोलायला काही उरलंच नाही.

प्रश्न मात्र मनातून जाईना. ज्याची किंमत मी चुकती केली, ते वाया घालवण्याचा मला अधिकार आहे का? ताटातला भात टाकणाऱ्या मुलाला आपण कधी म्हणतो का, की टाक बाबा, तांदळाचे पैसे दिलेत? अन्नाला आपण पूर्णब्रह्म मानतो. पण टाकलेला भात डोळ्यांना दिसतो. रिकाम्या खोलीतला पंखा काय सांडतो ते दिसत नाही.

त्या महिन्यात पौर्णिमेला नेहमीप्रमाणे नरसोबाच्या वाडीला गेलो. घाटावर शेजारी एक गृहस्थ बसले होते, सत्तरीचे. गाव विचारलं तर म्हणाले, "मूळ गाव पाण्याखाली आहे." कोयनेच्या शिवसागर जलाशयात त्यांचं घर आणि शेत गेलं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. "निघताना वडिलांनी उंबऱ्याजवळची माती फडक्यात बांधून घेतली. ती पुरचुंडी अजून देव्हाऱ्यात आहे." एवढंच बोलले. तक्रार नाही, राग नाही. मग समोरच्या कृष्णेला हात जोडून उठले.

मी मात्र तिथंच बसून राहिलो. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी औदुंबरावरून खाली वाडीला येतं. पण कोयनेचं पुष्कळसं पाणी कृष्णेपर्यंत येतच नाही. ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला उतरतं, तिथली जनित्रं फिरवतं आणि पुढं वाशिष्ठीतून समुद्राला जातं. म्हणजे महाराजांच्या पादुकांपाशी येऊ शकलं असतं असं पाणी वळवून आपण दिवे लावतो. गरज होती, म्हणून वळवलं. त्यात मला पाप दिसत नाही. पण त्या दिव्याखाली कोणी बसलेलंच नसेल तर?

हे झालं पाण्याचं. आपली बरीचशी वीज तर कोळशावरच होते. परळीला वैजनाथ आहेत, कोराडीला जगदंबा आहे, चंद्रपूरला महाकाली आहे. या तिन्ही ठिकाणी देवस्थानाच्या गावाला वीजकेंद्राची धुरांडीही आहेत. या केंद्रांना कोळसा लागतो तसं पाणीही लागतं. २०१३च्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. हिशेब सोपा आहे. जुना ७५ वॅटचा पंखा रिकाम्या खोलीत १४ तास फिरला की एक युनिट जातं. कोळशाच्या केंद्रात एका युनिटाला अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो आणि जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो हवेत साठत राहतो, उन्हाळा वाढवतो. ती राख ज्यांच्या अंगणात पडते, त्यांचं नाव माझ्या बिलावर नसतं. पुरचुंडी बांधणाऱ्या त्या वडिलांचंही नसतं. बिल मी भरतो, पण यांचं ऋण त्यात फिटत नाही.

आता माझी चूक सांगतो. आईचा शेवटचा उन्हाळा फार कडक होता. कूलर आणावा असं घरात सगळ्यांना वाटत होतं. मी बिलाचा विचार केला आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणालो. पुढचं वर्ष तिनं पाहिलं नाही. तेव्हा त्याला मी काटकसर म्हणत होतो. ती काटकसर नव्हती, तो लोभ होता.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतात. त्यात भुंगा आहे. तो फुलाला न दुखवता फुलाफुलातून थोडं थोडं घेतो. आणि साठवणारी मधमाशीही आहे, जी साठ्यापायी मधही घालवते आणि जीवही. मी स्वतःला भुंगा समजत होतो, निघालो मधमाशी. बिलाच्या मापानं मोजलं की दोन्हीकडे चुकतं. ज्याला परवडत नाही तो गरजेलाही नाही म्हणतो, ज्याला परवडतं तो उधळपट्टीलाही हो म्हणतो. माप गरजेचं हवं. आजाऱ्याचा पंखा रात्रभर फिरू द्या, शिकणाऱ्या पोराचा दिवा जळू द्या, मनात किंतु नको. तिथं खर्च झालेली वीज सार्थकी लागते.

कोणी विचारतात, माझ्या एका पंख्यानं जगाचा उन्हाळा कमी होणार आहे का? नाही होणार. पण शेजारी आपलं देणं देत नाही म्हणून आपण सावकाराला परत पाठवतो का? ज्याचं ऋण त्यानं फेडायचं, दुसऱ्यानं फेडलं की नाही ते नंतर बघू.

मग मी आधी गिरणीपासून सुरुवात केली. पूर्वी एक डबा आला तरी दहा हॉर्सपॉवरची मोटर चालू करायचो आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत ती मोकळी फिरायची. आता दळणाच्या दोन वेळा ठरवल्या आहेत. डबे साठले की सलग दळतो. सैल पट्टा ताणून घेतला, बेअरिंगला वेळेवर ग्रीस लावतो. बायका कुरकुरल्या. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी दळण दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. ते नुकसान सोसतो आहे. घरी सोप्यातला पंखा बदलून ३० वॅटच्या आसपास चालणारा बसवला, आंघोळीच्या पाण्याला गच्चीवर सौर बंब आला. मंदिराच्या समितीतही विषय काढला. उत्सवाची रोषणाई हवीच, पण शेजारती झाल्यावर ती कुणासाठी? महाराज निजल्यावर एक समई पुरते. बराच वाद झाला. शेवटी यंदापुरतं कबूल झालं.

मुलाला वाडीच्या घाटावरची हकीकत सांगितली. ओरडलो नाही. पैशाचं तर नावही काढलं नाही. त्यानं ऐकून घेतलं, हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बिल अजून तोच भरतो. परवा सोप्यातून बाहेर पडताना तो दारातून मागे वळला, पंखा बंद केला आणि गेला. मी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं.

जयंतीला वाडीला, औदुंबराला, गाणगापूरला जाल, तेव्हा घराला कुलूप लावण्याआधी एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून या. पादुकांवर डोकं ठेवताना मागे घरात कुणाचं काही सांडत नसावं.

श्रीगुरुदेव दत्त.